काराबाख, आर्त्साख आणि प्रत्येक नावामागचा वेगळा नकाशा

प्रश्न तीन भागांत आहे. ‘नागोर्नो-काराबाख’ या नावाचा अर्थ काय? ‘आर्त्साख’ हे तिथलं मूळ, आणि म्हणून खरं, नाव मानायचं का? आणि २०२३ मध्ये तिथली आर्मेनियन राजवट कोसळल्यानंतर मराठीत आपण नेमकं काय लिहायचं? परदेशी स्थलनामं मराठी नकाशांसाठी आणि कोशातल्या नोंदींसाठी ठरवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. दक्षिण कॉकेशसमधल्या, आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात वादाचा विषय ठरलेल्या या डोंगराळ मुलखाच्या नावाने मला जितका विचार करायला लावला, तितका फार थोड्या नावांनी लावला असेल. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी अर्थ. ‘काराबाख’ हा दोन भाषांतला जोडशब्द आहे. ‘कारा’ तुर्की कुळातल्या भाषांतला शब्द, अर्थ काळा. काराकोरममधला ‘कारा’ तोच. ‘बाख’ म्हणजे फारसी ‘बाग’. आपण बाग, बागायत, बागवान म्हणतो तोच हा शब्द, फक्त रशियन भाषेच्या वाटेने आल्यामुळे त्याचा ‘ख’ झाला आहे. फारसीत शेवटचा वर्ण घशातून येणारा ‘घ’सारखा आहे. रशियनमध्ये शब्दाच्या शेवटी तो ‘ख’कडे झुकला आणि रशियन नकाशांवरून जगभर ‘काराबाख’ पसरलं. स्थानिक उच्चार थोडे वेगळे आहेत. अझरबैजानी माणूस साधारण ‘गाराबाग’ म्हणतो, तर आर्मेनियन माणूस ‘घाराबाघ’. दोघांचाही उच्चार मराठी कानाला रशियन रूपापेक्षा जवळचा वाटेल.

तर सरळ अर्थ ‘काळी बाग’. पण तुर्की भाषांत ‘कारा’ एवढ्यावरच थांबत नाही. मोठा, थोर, दाट अशाही अर्थछटा त्याला आहेत. त्यामुळे ‘मोठी बाग’, ‘दाट झाडीचा प्रदेश’ असे अर्थही सुचवले गेले आहेत आणि अझरबैजानी लेखनात ते बरेच आढळतात. आर्मेनियन अभ्यासक बाग्रात उलुबाब्यान यांनी तिसरी वाट दाखवली. या भागाच्या दक्षिणेला ‘बाग्क’ नावाचं एक जुनं आर्मेनियन संस्थान होतं. त्यावरून ‘थोरलं बाग्क’ या अर्थाने काराबाख झालं असावं, असं त्यांचं म्हणणं. मला ही व्युत्पत्ती ओढून आणलेली वाटते. मुळात ‘काराबाग’ हे नाव या एकाच जागेचं नाही. अफगाणिस्तानात काबूल प्रांतात एक काराबाग जिल्हा आहे आणि गझनी प्रांतात दुसरा. तुर्की बोलणारे पशुपालक आणि फारसीत कारभार करणारी दरबारी मंडळी जिथे जिथे एकत्र आली, तिथे अशी अर्धी तुर्की, अर्धी फारसी नावं सहज तयार झाली. एवढं साधं स्पष्टीकरण हाताशी असताना लांबचं बाग्क शोधायची गरज पडत नाही.

आता ‘नागोर्नो’. हे स्वतंत्र नाव नाही, आणि खरं तर पूर्ण शब्दही नाही. रशियन ‘नागोर्नी’ म्हणजे डोंगराळ, उंचावरचा. तो दुसऱ्या विशेषणाला जोडताना ‘नागोर्नो-’ असं रूप घेतो. सोव्हिएत काळातल्या ‘नागोर्नो-काराबाखस्काया’ स्वायत्त प्रांत या लांबलचक सरकारी नावातला हा पुढचा तुकडा आहे. नाव पाश्चात्त्य भाषांत शिरताना मागचं विशेषण ‘काराबाख’ झालं, पण पुढचा तुकडा जसाच्या तसा राहिला. रशियन माणूस सुटं नाव घेताना ‘नागोर्नी काराबाख’ असंच म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९९३ मध्ये या संघर्षावर चार ठराव केले, ८२२, ८५३, ८७४ आणि ८८४. त्यांतही ‘नागोर्नी’ असंच रूप आहे. आर्मेनियनमध्ये हाच अर्थ ‘लेर्नायिन घाराबाघ’ आणि अझरबैजानीत ‘दाग्लिग गाराबाग’ असा सांगतात. तिन्ही भाषांत मतलब एकच, डोंगराळ काराबाख.

इथे थोडं थांबायला हवं. ‘डोंगराळ काराबाख’ म्हणावं लागतं याचा अर्थ डोंगराळ नसलेलंही एक काराबाख आहे. आहेच. कुरा आणि अरास या नद्यांच्या दुआबातला सखल, गवताळ प्रदेश म्हणजे मैदानी काराबाख. आणि माझ्या मते काराबाख हे नाव आधी मैदानात रुजलं, डोंगरावर नंतर चढलं.

हे नाव लिखित साधनांत दिसू लागतं ते १३व्या-१४व्या शतकात, मंगोलांनी हा टापू जिंकल्यानंतर. जॉर्जियन बखरींत ते येतं, १३४० च्या सुमारास हमदल्लाह मुस्तौफी याने लिहिलेल्या फारसी भूगोलात येतं. इराणवर राज्य करणारे इलखानी मंगोल बादशहा हिवाळ्यात घोड्यांसाठी आणि जनावरांसाठी कुरण शोधत या उबदार मैदानात उतरत. पुढे तैमूरनेही इथे हिवाळी तळ टाकला. फौजा, दरबार, वकील, बखरकार सगळे महिनोन्‌महिने इथे मुक्कामी असत. त्यामुळे नाव लेखी दफ्तरांत पक्कं झालं. नंतर सफावी राजवटीत काराबाख हा एका मोठ्या सुभ्याचा प्रदेश झाला. त्याचा सुभेदार गंजा शहरात बसे, आणि गंजा आजच्या कोणत्याही ‘नागोर्नो-काराबाख’च्या हद्दीत येत नाही. म्हणजे त्या काळातला काराबाख आपण बातम्यांत पाहतो त्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

‘आर्त्साख’ याहून फार जुनं आहे, यात वाद करण्यासारखं काही नाही. ७व्या शतकातल्या एका आर्मेनियन भूगोलग्रंथात, ज्याचं श्रेय अनानिया शिराकात्सी या विद्वानाला देतात, ‘महा-आर्मेनिया’चे १५ प्रांत मोजले आहेत आणि त्यांत आर्त्साख दहावा आहे. त्याही आधी ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो आर्मेनियाच्या प्रांतांत ‘ऑर्किस्तेने’ नावाचा एक सांगतो आणि सर्वांत जास्त घोडदळ तिथून मिळतं असं नोंदवतो. बहुतेक अभ्यासक ते आर्त्साखच मानतात. उरार्तू या प्राचीन राज्याच्या शिलालेखांतल्या ‘उर्तेखे’शीही काहींनी नातं जोडलं आहे, पण तिथे जमीन जरा निसरडी आहे.

आर्त्साखचा अर्थ मात्र कोणालाच खात्रीने लावता आलेला नाही. ‘त्साख’ म्हणजे झाडी किंवा फांद्यांचं रान, आणि ‘आर’ म्हणजे आरान नावाचा आख्यायिकेतला मूळपुरुष, म्हणून ‘आरानचं रान’, असं एक स्पष्टीकरण खूप ठिकाणी मिळतं. ऐकायला ते छान आहे. मी नोंदीत ते घेतलं तर ‘लोकव्युत्पत्ती’ म्हणूनच घेईन.

आता प्रश्नाचा अवघड भाग. आर्त्साख जुनं आहे हे मान्य केलं की पुढचं वाक्य आपोआप जिभेवर येतं, ‘म्हणजे तेच खरं’. इथेच मी प्रत्येकाला थांबवतो. मूळ नाव कोणतं असं विचारताना आपण धरून चालतो की जागा एकच होती आणि तिची नावं बदलत गेली. प्रत्यक्षात नावाबरोबर जागेच्या हद्दीही बदलत आल्या आहेत. ७व्या शतकातला आर्त्साख, १०व्या शतकातलं खाचेनचं राज्य, १८व्या शतकातलं काराबाख खानत (खानाचं राज्य), १९२३ चा स्वायत्त प्रांत आणि १९९४ नंतर आर्मेनियन फौजांच्या ताब्यात असलेला मुलूख हे एकमेकांवर ठेवले तर कडा कुठेच नीट जुळत नाहीत.

मधल्या काळाकडे मराठीत सहसा कोणी वळत नाही, आणि सगळा गोंधळ तिथेच जन्मला आहे. इ.स. ३८७ मध्ये रोमन आणि सासानी साम्राज्यांनी आर्मेनिया वाटून घेतला आणि त्यानंतर आर्त्साख शेजारच्या अल्बानियाकडे गेलं. हा बाल्कनमधला आजचा अल्बानिया नव्हे. कॉकेशसमध्ये या नावाचं एक वेगळं ख्रिस्ती राज्य होतं. आर्मेनियन त्याला ‘अग्वांक’ म्हणत आणि अरब-फारसी लेखक ‘अर्रान’. त्याची एक राजधानी पार्ताव, म्हणजे आजचं बर्दा शहर, मैदानी काराबाखात आहे. हे राज्य अरबांच्या आक्रमणानंतर मोडलं. पण त्याच्या चर्चचं नाव शिल्लक राहिलं. आर्मेनियन चर्चच्या छत्राखाली ‘अग्वांक’चं धर्मपीठ चालूच होतं. पुढे ते काराबाखच्या डोंगरातल्या गांझासार मठात आलं आणि थेट १८३६ मध्ये रशियन सरकारने ते बंद केलं. म्हणजे आर्मेनियन बोलणारे, आर्मेनियनमध्येच शिलालेख कोरणारे धर्मगुरू कित्येक शतकं अल्बानियाच्या नावाने पदं धारण करत होते.

१९६० च्या दशकापासून अझरबैजानमधल्या इतिहासकारांनी, त्यांत झिया बुनियादोव्ह यांचं नाव ठळक आहे, याच धाग्यावर मोठी मांडणी उभी केली. काराबाखच्या डोंगरातले मठ मूळचे अल्बानियन, ते नंतर आर्मेनियन झाले आणि अल्बानियनांचा वारसा आजच्या अझरबैजानी लोकांकडे येतो, अशी ती मांडणी. या मांडणीत एक खरा कण आहे. अल्बानियन राज्य खरंच होतं आणि त्याची भाषा आर्मेनियनपेक्षा वेगळी होती. पण गांझासारच्या भिंतींवरचे लेख आर्मेनियन आहेत आणि १२४० मध्ये त्या चर्चचं पवित्रीकरण करवणारा राजा हसन जलाल आर्मेनियन दरबारी परंपरेतला आहे. चर्चच्या पदवीत टिकलेल्या एका जुन्या राज्यनावावरून तिथल्या बांधणाऱ्यांची ओळख पुसता येत नाही. मला ही मांडणी मान्य नाही.

हसन जलालच्या राज्याचं नाव होतं खाचेन. १०व्या शतकात बायझंटाइन सम्राट कॉन्स्टंटाइन सातवा याच्या दरबाराने ज्या राजांना पत्रं पाठवताना कोणता मायना वापरायचा याची यादी केली, तीत ‘आर्मेनियातल्या खाचेनचा राजा’ येतो. त्या शतकांत बाहेरच्या जगासाठी हा डोंगर म्हणजे खाचेन होता. आर्त्साख हे नाव तोवर विद्वानांच्या आणि चर्चच्या लेखणीत जास्त राहिलं. पुढे खाचेनचे वारस फुटले आणि १६व्या शतकानंतर डोंगरात पाच छोटी संस्थानं दिसतात, गुलिस्तान, जराबेर्द, खाचेन, वारांदा आणि दिझाक. त्यांच्या सरदारांना ‘मेलिक’ म्हणत, आपल्याकडच्या ‘मलिक’चं भावंड. आणि पाचांना मिळून ‘खम्सा’, अरबी पाच. ख्रिस्ती आर्मेनियन सरदारांच्या संघाला अरबी नाव, त्यांच्या पदवीचं मूळही अरबी, मुलखाचं नाव तुर्की-फारसी. नावावरून माणसाचा धर्म आणि वंश ओळखण्याचा जो आजचा आग्रह आहे, तो इथे लावून पाहा. काहीच हाती लागत नाही.

१८व्या शतकाच्या मध्याला नादिरशहाचा खून झाला आणि इराणची पकड सैल झाली. त्या संधीत पनाह अली खान याने काराबाख खानत उभं केलं आणि १७५० च्या दशकाच्या सुरुवातीला कड्यावर शुशाचा किल्ला बांधला. ती जागा वारांदाच्या मेलिकची होती, आणि वारांदाचा मेलिक शाहनझार इतर मेलिकांशी वैर असल्यामुळे खानाला येऊन मिळाला होता. इथून पुढे ‘काराबाख’ हे नाव डोंगरावरही राजकीय अर्थाने बसलं, कारण आता मैदान आणि डोंगर एकाच खानाच्या हाताखाली आले. १८०५ मध्ये पनाहचा मुलगा इब्राहिम खलील खान रशियाच्या छत्राखाली गेला. १८१३ मध्ये काराबाखातल्याच गुलिस्तान गावी झालेल्या तहाने इराणनेही ते मान्य केलं आणि १८२२ मध्ये रशियाने खानतच बरखास्त केलं.

या सगळ्या काळात आर्मेनियन लोक स्वतः काय म्हणत होते? काराबाखच. त्यांच्या बोलीला ‘काराबाखी बोली’ म्हणतात, तिथल्या माणसाला ‘घाराबाघत्सी’. १९८८ मध्ये आर्मेनियाची राजधानी येरेव्हानच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले तेव्हा त्यांच्या तोंडी घोषणा होती ‘घाराबाघ’ आणि त्या चळवळीचं नेतृत्व करणाऱ्या गटाला ‘काराबाख समिती’ म्हणत. ही गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण आता अनेकांना वाटतं की काराबाख हा ‘त्यांचा’ आणि आर्त्साख हा ‘यांचा’ शब्द आहे. ही फाळणी गेल्या साडेतीन दशकांतली आहे. त्याआधी दोन्ही समाज एकाच नावाने एकाच मुलखावर प्रेम करत होते. काराबाखचे घोडे, काराबाखचे गालिचे, शुशातली मुघाम गायकी ही सगळी त्या एकाच नावाने ओळखली गेली.

सोव्हिएत काळाने हद्द बंदिस्त केली. १९१८ ते १९२० या वर्षांत आर्मेनिया आणि अझरबैजान ही दोन नवी प्रजासत्ताकं या डोंगरासाठी लढली. मार्च १९२० मध्ये शुशातला आर्मेनियन भाग जाळला गेला. दोन्ही देश बोल्शेविकांच्या हाती आल्यावर पक्षाच्या कॉकेशस विभागाने जुलै १९२१ मध्ये ४ तारखेला हा भाग आर्मेनियाला देण्याचं ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी निर्णय फिरवला. डोंगराळ काराबाख अझरबैजानमध्येच राहील, पण त्याला व्यापक स्वायत्तता मिळेल, असं ठरलं. ७ जुलै १९२३ च्या आदेशाने ‘डोंगराळ काराबाखचा स्वायत्त प्रांत’ झाला. १९३० च्या दशकात त्याच्या नावाची रशियन घडण बदलली आणि ‘नागोर्नो-’ हा तुकडा पुढे आला.

क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर. रेघ अशी आखली की प्रांताची सीमा आर्मेनियाला कुठेच भिडत नव्हती, मध्ये लाचिनची पट्टी होती. उत्तरेकडचा आर्मेनियन वस्तीचा शाहुम्यान भाग बाहेर राहिला. मैदानी काराबाख तर पूर्णच बाहेर. १९८९ च्या जनगणनेत या प्रांताची लोकसंख्या सुमारे १ लाख ८९ हजार होती. त्यांत साधारण ७७ टक्के आर्मेनियन आणि २१ टक्क्यांहून थोडे जास्त अझरबैजानी. जग ज्याला नागोर्नो-काराबाख म्हणतं तो आकार हा असा एका कार्यालयात तयार झाला. ना तो जुन्या आर्त्साखचा आकार होता, ना खानतचा.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे म्हणून नावांपुरतं सांगतो. २० फेब्रुवारी १९८८ रोजी प्रांताच्या सोव्हिएतने, म्हणजे प्रतिनिधी मंडळाने, आर्मेनियात जाण्याची मागणी केली. २ सप्टेंबर १९९१ रोजी ‘नागोर्नो-काराबाख प्रजासत्ताक’ जाहीर झालं, त्यात शाहुम्यानही धरलं होतं. २६ नोव्हेंबर १९९१ रोजी अझरबैजानने स्वायत्त प्रांतच रद्द केला. त्या दिवसापासून अझरबैजानच्या दृष्टीने ‘नागोर्नो-काराबाख’ नावाचं प्रशासकीय एकक राहिलंच नाही. बाकूचा, म्हणजे अझरबैजान सरकारचा, त्या शब्दाला विरोध कालचा नाही, त्याची मुळं या निर्णयात आहेत. मे १९९४ मध्ये शस्त्रसंधी झाली तेव्हा आर्मेनियन फौजांकडे जुन्या प्रांताचा बहुतेक भाग होताच, शिवाय भोवतालचे सात जिल्हे पूर्णतः किंवा अंशतः होते. तिथून काही लाख अझरबैजानी लोक उखडले गेले. अग्दाम शहर ओसाड झालं. त्या शहराचा फुटबॉल संघ ‘काराबाग’ १९९३ पासून बाकूत खेळत राहिला आणि नाव घेऊनच युरोपच्या स्पर्धांपर्यंत पोचला. विस्थापितांसाठी एक नाव किती ओझं उचलू शकतं याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

स्वयंघोषित प्रजासत्ताकाने २००६ च्या घटनेत ‘आर्त्साख’ हा समानार्थी शब्द म्हणून घेतला होता. २० फेब्रुवारी २०१७ च्या सार्वमताने तो मुख्य झाला, ‘आर्त्साख प्रजासत्ताक’. संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने त्याला मान्यता दिली नाही, आर्मेनियानेही नाही. तारखेची निवड पाहा, १९८८ च्या मागणीचाच दिवस. ‘नागोर्नो’ रशियन, ‘कारा’ तुर्की, ‘बाग’ फारसी. या तिन्हींतून बाहेर पडून आपल्या भाषेतलं, आपल्या सर्वांत जुन्या ग्रंथांतलं नाव घ्यावं ही ओढ मला समजते. पण त्यात एक धोका होता आणि तो तेव्हाही दिसत होता. आंतरराष्ट्रीय कागदपत्रांत वाटाघाटीचा विषय ‘नागोर्नो-काराबाख’ या नावाने नोंदला होता. स्वायत्ततेचा इतिहास, सोव्हिएत हद्द, तिथल्या लोकांच्या हक्कांची चर्चा, सगळं त्या बेढब नावाला बांधलेलं होतं.

२७ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर २०२० च्या युद्धात आणि ते थांबवणाऱ्या करारानुसार सात जिल्हे आणि शुशा अझरबैजानकडे परत गेले. जुलै २०२१ मध्ये अध्यक्षांच्या आदेशाने नवे आर्थिक विभाग आखले गेले. त्यांत ‘काराबाख’ विभागात शुशा, खानकेंदी, खोजाली, खोजावेंद, अग्दाम, फुझुली, तर्तर यांच्याबरोबर मैदानातले बर्दा आणि अग्जाबेदीही आहेत. लाचिन, काल्बाजार, जब्राइल, गुबाद्ली आणि झांगिलान यांचा वेगळा ‘पूर्व झांगेझुर’ विभाग झाला. इथे नाव नव्या हद्दीचं हत्यार कसं होतं ते स्पष्ट दिसतं. काराबाख पुन्हा मैदानासकट मोठं झालं आणि ‘डोंगराळ’ची गरज संपवली गेली. ‘पूर्व झांगेझुर’ म्हटलं की पश्चिम झांगेझुर कुठे, हा प्रश्न उभा राहतो. ते आर्मेनियाच्या स्यूनिक प्रांतात येतं. शेजारच्या देशात या नावाने अस्वस्थता पसरली ती उगाच नव्हे.

१९ आणि २० सप्टेंबर २०२३ च्या हल्ल्यानंतर आर्त्साखच्या नेतृत्वाने शरणागती पत्करली. काही दिवसांत एक लाखाहून अधिक आर्मेनियन लाचिनच्या रस्त्याने आर्मेनियात गेले. म्हणजे जवळपास सगळेच. प्रजासत्ताक १ जानेवारी २०२४ पासून विसर्जित होईल असं फर्मान निघालं. आधी महिनोन्‌महिने रस्ता बंद करून अन्न-औषध अडवलं गेलं होतं, हे या निघून जाण्याबद्दल लिहिताना गाळू नये. १९९० च्या दशकातलं अझरबैजानी विस्थापनही गाळू नये. मी नोंदींत दोन्ही लिहितो, आणि एकासाठी दुसरं कारण म्हणून वापरत नाही.

आता वापराचं. माझा नियम साधा आहे, ज्या काळाबद्दल लिहिता त्या काळाचं नाव आणि त्या काळाची हद्द. प्राचीन आणि मध्ययुगाच्या सुरुवातीसाठी आर्त्साख, १०व्या ते १३व्या शतकातल्या राज्यासाठी खाचेन, १७५० ते १८२२ साठी काराबाख खानत, १९२३ ते १९९१ साठी नागोर्नो-काराबाख स्वायत्त प्रांत. १९९१ नंतरच्या राजवटीला ‘स्वयंघोषित’ किंवा ‘मान्यता नसलेलं’ हे विशेषण लावून तिचं त्या-त्या वेळचं अधिकृत नाव द्यावं, २०१७ पर्यंत नागोर्नो-काराबाख प्रजासत्ताक, पुढे आर्त्साख प्रजासत्ताक. आजच्या प्रदेशाला ‘अझरबैजानमधलं काराबाख’ म्हणावं, आणि जुनी हद्द अभिप्रेत असेल तर ‘पूर्वीचं नागोर्नो-काराबाख’. २०२३ मध्ये बाहेर पडलेल्या माणसांबद्दल लिहिताना ‘काराबाखचे आर्मेनियन’ हे सर्वांना समजतं. ती माणसं स्वतःला आर्त्साखची म्हणवतात, तेही एकदा नमूद करावं. त्यांचा मुलूख त्यांच्याकडे नसला तरी स्वतःला काय म्हणायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांचाच.

‘नागोर्नो’ऐवजी ‘डोंगराळ काराबाख’ लिहावं का, हा उपप्रश्न मला पुष्कळदा येतो. इतिहासाच्या लेखात जरूर लिहावं, वाचकाला अर्थ लगेच कळतो. बातमीत रूढ नाव ठेवावं, कारण वाचक ते शोधायला येतो. फक्त ‘नागोर्नो’ एवढंच सुटं लिहू नये. मथळ्यात जागा वाचवायला काही जण तसं करतात, आणि तो नुसता विशेषणाचा तुकडा आहे.

गावांच्या नावांबाबत जास्त काळजी लागते. शुशा आणि शुशी ही रूपं अनुक्रमे अझरबैजानी आणि आर्मेनियन. प्रांताच्या राजधानीचं नाव १९२३ मध्ये खानकेंदी, म्हणजे खानाचं गाव, बदलून बोल्शेविक नेते स्तेपान शाहुम्यान यांच्यावरून स्तेपानाकेर्त झालं, आणि आर्मेनियन मंडळी त्याहून जुनं वाराराक्न हे नाव सांगतात. मार्तुनी हेही एका आर्मेनियन बोल्शेविकाच्या टोपणनावावरून आलेलं, तिथेच अझरबैजानी नाव खोजावेंद. फुझुली शहर १९५९ पर्यंत कार्यागिनो होतं, रशियन कर्नल कार्यागिनवरून. नंतर त्याला कवी फुझुलीचं नाव मिळालं आणि आर्मेनियन ताब्याच्या काळात वारांदा. काल्बाजार आणि कार्वाचार, लाचिन आणि बेर्दझोर, अग्दाम आणि अक्ना, याही अशाच जोड्या. पहिल्या उल्लेखात दोन्ही नावं द्या, मग त्या तारखेला तिथे ज्यांचं प्रशासन होतं त्यांचं नाव पुढे चालू ठेवा. नकाशावर जागा कमी असेल तर दुसरं नाव लहान टंकात कंसात येऊ द्या, पण गाळू नका, कारण जुनी पत्रं, जन्माचे दाखले आणि जमिनीचे कागद त्या दुसऱ्या नावाने आहेत आणि ती माणसं ते शोधायला कधीतरी तुमच्याच नकाशाकडे येतील.